तीन बिऱ्हाडांचं घर आणि एक पार्किंग : मिनिआपोलिसमध्ये घरं कशामुळे वाढली, कुठे अडली

मिनिआपोलिसच्या निवासी भागातला नेहमीचा प्लॉट रस्त्याच्या बाजूनं ४० फूट रुंद आणि मागच्या गल्लीपर्यंत साधारण १२५ फूट खोल असतो. म्हणजे ५,००० चौरस फूट. पुढे छोटं अंगण, मध्ये दीड-दोन मजल्यांचं लाकडी घर, मागे गल्लीकडे उघडणारं गॅरेज. अशा प्लॉटवर एकच कुटुंब राहावं की तीन, या प्रश्नावरून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या या शहरात २०१८ साली अंगणाअंगणात पाट्या लागल्या, सुनावण्यांना गर्दी झाली आणि पुढे जवळजवळ साडेपाच वर्षं कोर्टकचेरी चालली.

त्यानंतर शहरात घरं वाढली, हे खरं. पण ज्या नियमावरून एवढं रान उठलं, त्यानं फारच थोडी घरं आली. बहुतेक घरं आली ती दोन कमी गाजलेल्या बदलांमुळे. पार्किंगची सक्ती उठली आणि बसच्या मोठ्या रस्त्यांवर जास्त मजले बांधू दिले. हा फरक लक्षात आला नाही, तर बाजूचे असोत की विरोधातले, रहिवासी आपली सगळी शक्ती भलत्याच मुद्द्यावर खर्च करतात. म्हणून हा हिशेब पायरीपायरीनं मांडतो.

नकाशावरचे दोन प्रश्न

झोनिंग म्हणजे शहरानं प्रत्येक प्लॉटला विचारलेले दोन प्रश्न. इथे काय चालेल? आणि इमारत केवढी असेल? पहिल्यात घर, दुकान, कारखाना अशी वाटणी येते. दुसऱ्यात उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि चटई क्षेत्र येतं. पुण्या-मुंबईत ज्याला आपण एफएसआय म्हणतो, तेच अमेरिकेत एफएआर. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो आकडा सांगतो. ५,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर ०.५ एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून २,५०० चौरस फूट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच आडवा येणार आहे.

अमेरिकन शहरांनी या दोन प्रश्नांना तिसरा जोडला: किती कुटुंबं? २०१९ पर्यंत मिनिआपोलिसच्या सुमारे ७० टक्के निवासी जमिनीवर याचं उत्तर ‘एक’ असंच होतं. मोठं घर चालत असे, पण त्याच आकाराच्या घरात दोन स्वयंपाकघरं आणि दोन दारं केली की ते बेकायदा. शहराचा पहिला झोनिंग कायदा १९२४ चा आणि १९६३ च्या नव्या कायद्यानं तो आणखी आवळला. त्याआधी बांधलेली दोन-चार बिऱ्हाडांची घरं आजही जुन्या ट्रामच्या रस्त्यांजवळ दिसतात. ती तिथे गुण्यागोविंदानं उभी असताना तसंच घर शेजारच्या प्लॉटवर नव्यानं बांधायला मात्र बंदी होती.

या ‘एक’मागे कडू इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात इथल्या हजारो खरेदीखतांत अशी अट असे की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या प्रकल्पानं ती खतं एकेक वाचून नकाशावर मांडली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असा निकाल दिला आणि १९५३ मध्ये मिनेसोटा राज्यानं नव्या अटी घालायला बंदी केली. पण महाग प्लॉटवर एकच घर हा नियम राहिला, आणि ज्यांना आधी वगळलं होतं ते पैशाअभावी बाहेरच राहिले. शहराच्या नव्या आराखड्यात या इतिहासाचा उघड उल्लेख आहे. तो केला हे फार चांगलं झालं. नियम बदलताना तो मुळात कशासाठी आला होता, हे सांगायलाच हवं.

लोकसंख्येकडेही एकदा पाहू. १९५० मध्ये शहरात ५,२१,७१८ माणसं होती, १९९० मध्ये ३,६८,३८३ उरली आणि २०२० मध्ये ४,२९,९५४ झाली. म्हणजे हे शहर आजही आपल्या जुन्या शिखरापेक्षा सुमारे ९० हजारांनी लहान आहे. ‘शहर भरलंय, आता जागा नाही’ असं सुनावणीत कुणी म्हणालं की हे आकडे आठवावेत. पूर्वी एका घरात जास्त माणसं राहत, आता सरासरी दोघांच्या आसपास राहतात. त्यामुळे माणसं कमी असूनही घरं अपुरी पडतात.

२०४० चा आराखडा आणि तीन बिऱ्हाडं

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरातल्या सात काउंट्यांवर मेट्रोपोलिटन कौन्सिल नावाची प्रादेशिक संस्था आहे. तिच्या हद्दीतल्या प्रत्येक गावाला दर दहा वर्षांनी आपला सर्वंकष विकास आराखडा नव्यानं करावा लागतो, तसा राज्याचा कायदाच आहे. ‘मिनिआपोलिस २०४०’ हा त्यातलाच. मार्च २०१८ च्या मसुद्यात प्रत्येक निवासी प्लॉटवर चार बिऱ्हाडांपर्यंत परवानगी सुचवली होती. हजारो हरकती आणि सूचना आल्यावर चाराचे तीन झाले. ७ डिसेंबर २०१८ रोजी शहराच्या सिटी कौन्सिलनं १२ विरुद्ध १ मतांनी आराखडा मंजूर केला आणि २०२० च्या सुरुवातीपासून तीन बिऱ्हाडांचा नियम लागू झाला. फक्त एका कुटुंबाच्या घरांसाठी राखीव जमीन ही कल्पनाच शहरभर रद्द करणारं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. बातमी देशभर गेली.

आणि प्रत्यक्षात तीन बिऱ्हाडांची घरं झाली फार थोडी. कारण आकड्यांत आहे.

बिऱ्हाडं एकाची तीन झाली, पण शहराच्या बाहेरच्या कडेच्या निवासी भागात, ज्याला नियमावलीत ‘इंटीरियर १’ म्हणतात, एफएसआय ०.५ च राहिला. म्हणजे २,५०० चौरस फुटांत एक प्रशस्त घर बांधा किंवा ८३३ चौरस फुटांची तीन बांधा, त्यातही जिना आणि सामाईक वाट वजा. तीन स्वयंपाकघरं, तीन हीटर, तीन वीजजोडण्या यांचा खर्च वाढतो आणि विकायला क्षेत्रफळ तेवढंच. बिल्डर कागद-पेन्सिल घेऊन बसला की दहा मिनिटांत उत्तर मिळतं: एकच मोठं घर बांधावं. मध्यभागाकडच्या ‘इंटीरियर २’ आणि ‘इंटीरियर ३’ मध्ये बिऱ्हाडं वाढली तर थोडं जास्त चटई क्षेत्र मिळतं, तिथे गणित जरा बरं बसतं.

दुसरी अडचण बांधकाम संहितेची. एक आणि दोन बिऱ्हाडांचं घर निवासी संहितेत बसतं. एकावर एक अशी तीन बिऱ्हाडं झाली की तीच इमारत मोठ्या इमारतींच्या संहितेत जाते. मग आगीसाठी स्प्रिंकलर लागतात, त्यांना पुरेसा दाब मिळावा म्हणून बरेचदा रस्त्यातल्या मुख्य नळापासून घरापर्यंतची जोडणी जाड करावी लागते, बिऱ्हाडांमधल्या भिंती आणि छतं ठरावीक वेळ आग रोखतील अशी करावी लागतात. दोनावरून तिसऱ्या बिऱ्हाडाची पायरी म्हणूनच इतर कुठल्याही पायरीपेक्षा महाग पडते. झोनिंगनं दार उघडलं तरी संहितेनं उंबरठा उंच ठेवला.

तिसरी अडचण जमिनीची. समजा, ३ लाख डॉलरचं चांगलं राहतं घर विकत घेऊन पाडलं आणि तिथे तीन बिऱ्हाडं केली. पाडकामाचा खर्च सोडला तरी एकही खिळा ठोकण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडावर १ लाख डॉलर चढले. म्हणून ‘आमचं अख्खं वस्तीचं रूप बुलडोझरखाली जाईल’ ही २०१८ ची भीती खरी ठरली नाही. नवी तीन बिऱ्हाडं परवडतात ती रिकाम्या प्लॉटवर, जसे २०११ च्या चक्रीवादळानंतर आणि कर्जबुडीच्या काळानंतर शहराच्या उत्तर भागात उरले, किंवा जुनं मोठं घर आतून विभागलं तर.

ज्यांना असं घर घेऊन एका बिऱ्हाडात राहायचं आणि दोन भाड्यानं द्यायची आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला अमेरिकेत घरकर्जाचेच नियम लागतात. मालक स्वतः तिथे राहणार असेल तर एफएचए या घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या हमीचं कर्ज साडेतीन टक्के रक्कम आधी भरूनही मिळू शकतं. पण तीन आणि चार बिऱ्हाडांना एक जादा कसोटी आहे. मूल्यांकन करणारा सगळ्या बिऱ्हाडांचं, तुम्ही राहणार त्याचंसुद्धा, बाजारभावानं भाडं धरतो. त्यातून रिकामे महिने आणि देखभालीसाठी वजावट होते, बहुधा २५ टक्के. उरलेल्या रकमेत कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर आणि विमा बसला पाहिजे. दोन बिऱ्हाडांच्या घराला ही कसोटी नाही. व्याजदर चढे असले की तीन बिऱ्हाडांची घरं नेमकी इथे अडतात, म्हणून सौदा करण्याआधी हा हिशेब करून घ्यावा.

खरं काम पार्किंगनं केलं

एक गाडी उभी राहायला ९ फूट बाय १८ फूट, म्हणजे १६२ चौरस फूट जागा लागते. पण गाडी आत-बाहेर काढायची वाट, वळण आणि उतार धरला तर दर गाडीमागे ३०० ते ३५० चौरस फूट जातात. आता तीन प्लॉट एकत्र करून १५,००० चौरस फूट जागा मिळवली आणि तिथे ४० फ्लॅट बांधायचे आहेत असं धरू. घरामागे एक गाडी अशी सक्ती असेल तर ४० गाड्यांना ३२५ च्या हिशेबानं १३,००० चौरस फूट. म्हणजे जवळजवळ अख्खा तळमजला गाड्यांचा. रस्त्याकडे दुकान नाही, प्रवेशाची ओसरी नाही, फुटपाथवरून चालणाऱ्याला नुसती भिंत. तळघरात न्यायचं म्हटलं तर खोदाई, भूजल रोखणं, वायुवीजन, उतार हे सगळं येतं आणि एकेका गाडीच्या जागेचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. गाडीमागे ३०,००० डॉलर धरले तर ४० गाड्यांचे १२ लाख डॉलर. हा पैसा भाड्यातूनच वसूल होतो, आणि बसनं फिरणारा भाडेकरूही तो भरतो.

मिनिआपोलिसनं ही सक्ती तीन टप्प्यांत काढली. २००९ मध्ये डाउनटाउनपुरती. २०१५ मध्ये वारंवार बस किंवा लाइट रेल असलेल्या मार्गांच्या जवळ, ५० पर्यंत घरांच्या इमारतींना सक्ती शून्य आणि त्याहून मोठ्यांना निम्मी. मे २०२१ मध्ये उरलेली सगळी शहरभर रद्द झाली, उलट पार्किंगला वरची मर्यादा आणि सायकलींच्या जागेची अट आली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या शहरानं घेतलेला हा सर्वांत हुशारीचा निर्णय. सक्ती गेली म्हणजे पार्किंग गेलं असं नाही. कर्ज देणारी बँक आणि भाडेकरू मागतात तेवढं बिल्डर आजही बांधतोच. फरक एवढाच की आकडा आता गरजेनुसार ठरतो. पूर्वी तो कायद्याच्या तक्त्यातून यायचा.

विरोधकांचा इथला मुद्दा हिवाळ्याचा आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. मोठा बर्फ पडला की शहर ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करतं आणि तीन टप्प्यांत रस्ते साफ होतात. पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ पर्यंत ठरवून दिलेल्या मुख्य मार्गांवर दोन्ही बाजूंना गाडी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ आतल्या रस्त्यांची सम क्रमांकाची बाजू आणि पार्कवे रिकामे ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. चुकलं की गाडी उचलून नेतात. बर्फाचे ढीग फारच साचले तर शहर वसंतापर्यंत सम बाजूचं पार्किंग बंदही ठेवू शकतं. अशा वेळी ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांची खरोखर ओढाताण होते. यावर उपाय म्हणजे रस्त्यावरच्या जागेचं नीट नियोजन: परवाना पद्धत, रात्री रिकाम्या पडणाऱ्या दुकानांच्या आणि चर्चच्या पार्किंगचा वापर. प्रत्येक नव्या घरावर गॅरेज लादणं हा उपाय नव्हे, कारण त्याची किंमत वर्षाचे बाराही महिने भरावी लागते.

जुन्या ट्रामच्या वाटेवर नवे मजले

जून १९५४ पर्यंत शहरात ट्राम चालत होत्या. लेक स्ट्रीट, हेनेपिन, निकोलेट, शिकागो, सेंट्रल या रस्त्यांवर दुकानं रांगेनं दिसतात ती ट्रामच्या थांब्यांमुळे. २०४० च्या आराखड्यानं हेच रस्ते उचलले. इमारत केवढी चालेल हे दाखवणाऱ्या आकाराच्या नकाशातल्या पट्ट्यांची नावंच मजल्यांवरून आहेत: ‘कॉरिडॉर ४’ म्हणजे चार मजल्यांपर्यंत, ‘कॉरिडॉर ६’ म्हणजे सहा, पुढे ‘ट्रान्झिट १०’, ‘१५’, ‘२०’, ‘३०’ आणि डाउनटाउनच्या गाभ्यात ‘कोअर ५०’. मोठ्या पट्ट्यांत किमान उंचीही आहे, म्हणजे रेल्वे स्थानकाशेजारच्या मोक्याच्या जागेवर एकमजली दुकान आणि भलंमोठं पार्किंग आता करता येत नाही.

नव्या इमारतींपैकी इतक्या साऱ्या पाच-सहा मजल्यांच्याच का दिसतात, असं लोक विचारतात. खाली काँक्रीटचा एक मजला आणि वर लाकडी सांगाड्याचे चार-पाच मजले, इथवर संहिता लाकूड चालवून घेते. त्याच्या वर पोलाद किंवा काँक्रीट लागतं आणि चौरस फुटाचा दर एकदम उडी मारतो. म्हणून सात ते बारा मजल्यांच्या इमारती कमी दिसतात.

या इमारतींचं एक दुखणं आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. अमेरिकन संहितेत तीनपेक्षा जास्त मजले असले की सहसा दोन जिने हवेत. दोन जिने जोडायला मधून लांब बोळ काढावा लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट येतात. प्रत्येक फ्लॅटला एकाच बाजूनं खिडक्या. झोपण्याच्या खोलीला खिडकी हवी, म्हणून तीन बेडरूमचा फ्लॅट फक्त कोपऱ्यावर नीट बसतो. बाकी सगळे स्टुडिओ आणि एक बेडरूमचे. पुण्या-मुंबईतल्या जुन्या चारमजली इमारतींत एका जिन्याभोवती मजल्यावर दोन-चार घरं असतात आणि घराला दोन-तीन बाजूंनी हवा मिळते. तशी इमारत इथे सहज उभारता येत नाही. मिनेसोटाच्या विधिमंडळानं २०२४ मध्ये एकाच जिन्याच्या इमारतींचा अभ्यास करायला सांगितलं आहे. मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना शहरात ठेवायचं असेल तर हा विषय तीन बिऱ्हाडांच्या नियमापेक्षा महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्वस्त घरांची अटही याच इमारतींवर आहे. मोठ्या भाड्याच्या इमारतीनं ८ टक्के घरं परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के कमाई असलेल्यांना परवडतील अशा भाड्यानं २० वर्षं ठेवायची, हा त्यातला एक पर्याय. टक्का फार वाढवला तर इमारतच उभी राहत नाही, फार कमी ठेवला तर अट नावापुरती उरते.

घडलं काय? प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या पाहणीनुसार २०१७ ते २०२२ मध्ये मिनिआपोलिसमधली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी अवघी १ टक्क्यानं. त्याच काळात उरलेल्या मिनेसोटात घरं ४ टक्क्यांनी वाढली आणि भाडी १४ टक्क्यांनी. नव्या घरांपैकी बहुतांश २० किंवा जास्त फ्लॅटच्या इमारतींत होती. निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्यानं राहतात अशा शहरासाठी हा फार मोठा दिलासा आहे. सगळं श्रेय नियमांना देता येणार नाही. याच काळात महासाथ आली, ऑफिसं घरी गेली, २०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर उसळलेल्या दंगलीत लेक स्ट्रीटचा मोठा भाग जळाला, काही लोक शहर सोडून गेले. त्यामुळेही मागणी मंदावली. शिवाय २०२२ नंतर व्याजदर चढले आणि नवे परवाने घटले. आज पाया न खणलेली इमारत दोन-तीन वर्षांनी भाड्याला मिळणार नाही, त्याचा परिणाम पुढे दिसेल.

बसचीही एक जोखीम आहे. पार्किंगशिवाय घरं चालतात ती दर दहा-पंधरा मिनिटांनी बस येते म्हणून. महासाथीनंतर चालक मिळेनात तेव्हा फेऱ्या कमी झाल्या आणि आराखड्याचा पायाच डळमळला. डिसेंबर २०२२ मध्ये शिकागो अव्हेन्यूवरून जाणारी डी लाइन आणि जून २०२५ मध्ये लेक स्ट्रीटवरची बी लाइन या जलद बससेवा सुरू झाल्या, ही त्यातली चांगली बाजू.

कोर्टात काय अडकलं होतं

मिनेसोटात १९७१ चा पर्यावरण हक्क कायदा आहे. हवा, पाणी, जमीन बिघडेल असं कृत्य रोखण्यासाठी कुणीही नागरिक कोर्टात जाऊ शकतो. तीन संघटनांनी या कायद्याखाली २०४० च्या आराखड्याला आव्हान दिलं. त्यांचा तर्क असा: प्रत्येक प्लॉटवर परवानगी आहे तेवढं सगळं बांधलं गेलं तर सुमारे दीड लाख नवी घरं होतील, झाडं जातील, फरशी वाढेल, पावसाचं पाणी न जिरता वाहून तळ्यांत जाईल. शहराचं म्हणणं, असं कधीच होणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा आराखड्यावर या कायद्याखाली दावा चालू शकतो असं ठरवलं. जून २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयानं आराखड्याची निवासी बाजू थांबवली, शहराला जुन्या २०३० च्या आराखड्याकडे वळायला सांगितलं. मे २०२४ मध्ये अपील न्यायालयानं ती मनाई उठवली आणि त्याच महिन्यात विधिमंडळानं विकास आराखडे या कायद्यातून वगळले.

दीड लाखांचा आकडा कागदावर बरोबर होता, पण तीन बिऱ्हाडांचं वरचं गणित पाहिलं की तो प्रत्यक्षात का येणार नाही हे कळतं. दुसरं म्हणजे ती कुटुंबं हवेत विरत नाहीत. शहरात घर मिळालं नाही तर ती लेकव्हिल किंवा मेपल ग्रोव्हसारख्या उपनगरांत जातात, तिथे घरामागे छप्पर, ड्राइव्हवे आणि रस्ता मिळून जास्त जमीन झाकली जाते आणि गाडीचे मैल वाढतात. फक्त शहराच्या हद्दीत मोजमाप केलं तर पर्यावरणाचं चित्र उलटं दिसतं. पाण्याची काळजी मात्र खोटी नाही. त्यासाठी शहराकडे चांगलं साधन आहे: पावसाच्या पाण्याचं शुल्क. पाणी जिरू न देणाऱ्या दर १,५३० चौरस फुटांना एक एकक धरून ते आकारतात, आणि पर्जन्यबाग किंवा पाणी जिरणारी फरशी केली तर सूट मिळते. ज्यांना तळ्यांची चिंता आहे त्यांनी ही सूट वाढवून मागावी.

शेजारच्या सेंट पॉलनं वेगळी वाट धरली होती. नोव्हेंबर २०२१ च्या मतदानात भाडेवाढीवर वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा आली, आणि तीही नव्या इमारतींना सूट न देता. बांधकाम परवाने लगेच कोसळले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या इमारतींना २० वर्षांची सूट द्यावी लागली आणि २०२५ मध्ये २००४ नंतरच्या इमारती कायमच्या वगळल्या. मर्यादेचा हेतू वाईट नव्हता. नव्या बांधकामाला पहिल्याच दिवशी लागू केली ही चूक.

हरकत कशी घ्यावी, पाठिंबा कसा द्यावा

शेजारी काही बांधणार असल्याची नोटीस आली की पहिल्यांदा शहराच्या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून त्या प्लॉटचे दोन थर पाहावेत: वापराचा पट्टा आणि आकाराचा पट्टा. मग अर्ज कसला आहे ते बघावं. नियमात बसणारी इमारत असेल तर ‘मला नको’ या मताला कायद्यानं वजन नाही. त्यात वेळ घालवू नये, प्रवेशद्वार, कचऱ्याची जागा, गल्लीतली वर्दळ यांवर बोलावं. व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सवलत मागितली असेल, तर तुमचं पत्र खरोखर उपयोगी पडतं. मिनेसोटात अशी सवलत देताना ‘व्यावहारिक अडचण’ दाखवावी लागते: वापर वाजवी आहे, अडचण त्या जागेच्या वेगळेपणामुळे आली आहे आणि मालकानं स्वतः ओढवलेली नाही, परिसराचं मूळ स्वरूप बदलत नाही. नुसता खर्च वाढतो हे कारण पुरत नाही. पत्रात अर्जाचा क्रमांक, यातली कुठली कसोटी आणि मोजता येणारी एक गोष्ट एवढं असावं. ‘गर्दी होईल’ यापेक्षा ‘गल्ली इतके फूट रुंद आहे, कचऱ्याच्या ट्रकला वळायला जागा उरत नाही’ हे वाक्य नोंदीत टिकतं.

वेळ कमी असतो. राज्याच्या कायद्यानुसार पूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत शहरानं निर्णय द्यायचा, लेखी कळवून आणखी ६० दिवस वाढवता येतात. मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज मंजूर धरला जातो. प्लॅनिंग कमिशनच्या निर्णयावर अपील १० दिवसांत करावं लागतं.

एकेका इमारतीवर भांडण्यापेक्षा आराखड्याच्या वेळी बोलणं कितीतरी फायद्याचं, आणि ती वेळ जवळ आली आहे. मेट्रोपोलिटन कौन्सिलनं ‘इमॅजिन २०५०’ हा सगळ्या परिसराचा आराखडा फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केला. प्रत्येक गावाचा नवा आराखडा २०२८ च्या अखेरीस द्यायचा आहे. त्या मसुद्यावर सूचना पाठवताना एक मागणी नक्की असावी: ‘इंटीरियर १’ मध्ये तीन बिऱ्हाडांसाठी एफएसआय ०.५ वरून ०.७ करा. ५,००० चौरस फुटांच्या त्याच प्लॉटवर ३,५०० चौरस फूट होतील, दर बिऱ्हाडाला साडेअकराशेच्या वर. त्यात दोन बेडरूम नीट बसतात, नेटकं आखलं तर तीनही.